दुर्बिणीचं ऑपरेशन? ते तर माह्यं कधीच झालं!

'पिशवी काढून टाका' हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कुणाच्या तरी कानावर पडलेलं असतं. या वेळी ते माझ्या मावशीच्या कानावर पडलं आणि मी पुण्याहून वाशिमची ट्रॅव्हल्स पकडली. की-होल सर्जरीचा सगळा फंडा मला कळला तो तिच्यामुळे!

गुरुवारची दुपार. चार वाजताच्या प्रेझेंटेशनसाठी मी स्लाइड्स जुळवत होते आणि मोबाइलवर आईचे पाच मिस्ड कॉल. आई ऑफिसच्या वेळेत कधीच फोन करत नाही. त्यामुळे पोटात गोळा आलाच. पॅन्ट्रीत जाऊन फोन लावला, तर पलीकडून थेट मुद्दा, "तुह्या मावशीची पिशवी काढाची म्हणते डॉक्टर. सोमवारीच या म्हणते. आता तूच सांग बाई, काय कराचं?"

मावशी राहते वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या एका खेड्यात. वय ४४. घरी पाच एकर सोयाबीन, दोन म्हशी, सासू, नवरा आणि कॉलेजात शिकणारी दोन मुलं. दोन वर्षांपासून तिची पाळी बारा-बारा दिवस चालायची. तिने कुणाला सांगितलं नव्हतं. चक्कर येऊन शेतात बसली तेव्हा कुठे घरच्यांना कळलं. हिमोग्लोबिन निघालं ७.२. सोनोग्राफीत गर्भाशयात सात सेंटिमीटरची गाठ, म्हणजे फायब्रॉइड.

ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी दहा मिनिटांत निकाल दिला. मुलं झाली, पिशवीचं आता काम नाही, काढून टाका. जोडीला अंडाशयही काढून टाकू, म्हणजे पुढे कॅन्सरची भानगड नको. पोट उघडून ऑपरेशन, सात-आठ दिवस दवाखाना. आणि मावशी तयारही झाली होती! कारण काय, तर सोयाबीन काढणीला महिना होता. "तोवर आटपून जाईन," असं तिचं गणित.

रात्री मी मावशीला फोन केला. गूगल करून करून माझे डोळे लाल झाले होते, पण आवाज मात्र एक्स्पर्टचा! म्हटलं, "मावशी, घाई करू नको. हे ऑपरेशन दुर्बिणीतूनही करता येतं."

क्षणभर शांतता. मग ती हसलीच. "काय सांगतं व पोरी! दुर्बिणीचं ऑपरेशन तर माह्यं कधीच झालं!"

एक दुर्बीण, दोन गोष्टी

मला आधी काही कळेना. मग ट्यूब पेटली. आपल्या खेड्यापाड्यांत 'दुर्बीण' या शब्दाचा अर्थ एकच, कुटुंबनियोजन. ऐंशीच्या दशकापासून सरकारी शिबिरांत बायकांची नसबंदी दुर्बिणीतून होत आली. बेंबीखाली छोटंसं छिद्र, त्यातून नळी आत, गर्भनलिकांवर एकेक रबरी रिंग चढवायची आणि संध्याकाळी घरी. म्हणजे गंमत बघा, शहरातल्या चकाचक हॉस्पिटलच्या होर्डिंगवर जे तंत्र 'अत्याधुनिक' म्हणून मिरवतं, ते वाशिमच्या बायकांच्या पोटात केव्हाच जाऊन आलंय!

फक्त ते त्यांच्या वाट्याला आलं ते मूल थांबवण्यासाठी. त्यांचं दुखणं बरं करण्यासाठी नाही. आणि त्या शिबिरांची काळी बाजूही आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या आणि तेरा जणींचा जीव गेला. त्यानंतर सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. दुर्बीण तीच असते. ती कुणाच्या हातात आहे, किती घाईत आहे आणि कशासाठी आहे, यावर सगळं ठरतं.

वीतभर जखम नको

शनिवारी पहाटे मी वाशिमला उतरले. आईच्या हातचा चहा घेतला आणि मावशीला घेऊन आम्ही अकोल्याच्या रस्त्याला लागलो. वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, पण मोठं दुखणं निघालं की गाडी अजून अकोल्याकडेच वळते. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यातल्या दहा नव्या शासकीय मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात वाशिमचंही आहे. पण सवय जायला वेळ लागतो.

अकोल्याच्या डॉक्टर मॅडमनी आधी मावशीचं सगळं ऐकून घेतलं. कितीदा कपडा बदलावा लागतो, गाठी पडतात का, झोप लागते का. मग केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. मी तुम्हाला तेच सांगते.

आधी भूल, पूर्ण. मग बेंबीपाशी एक बारीक सुई आत घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुग्यासारखं फुगतं, आतडी बाजूला सरकतात आणि काम करायला जागा होते. या सुईचं नाव व्हेरेस. यानोस व्हेरेस नावाच्या हंगेरियन डॉक्टरने १९३० च्या दशकात ती बनवली ती टीबीच्या रुग्णांच्या छातीत हवा सोडायला! मग बेंबीतून साधारण दहा मिलिमीटरची नळी, तिच्या टोकाला कॅमेरा. बाजूला पाच-पाच मिलिमीटरची दोन-तीन छिद्रं, त्यांतून लांब दांड्याची हत्यारं. डॉक्टर पोटात नाही, समोरच्या स्क्रीनवर बघत काम करतात. रक्तवाहिन्या विजेच्या उष्णतेने सील होतात. गर्भाशय काढायचंच असेल तर ते बहुतेक वेळा योनिमार्गातून बाहेर घेतात. पोटावर वीतभर चीर नाही!

फायदा? रक्त कमी जातं, वेदना कमी, जखम चिघळण्याची भीती कमी. दवाखान्यात आठवड्याऐवजी एक-दोन दिवस. पोट उघडून केलं तर रोजच्या कामाला लागायला सहा आठवडे, दुर्बिणीतून केलं तर ऑफिसचं हलकं काम दोन-तीन आठवड्यांत.

आणि हे फक्त पिशवी काढण्यापुरतं नाही बरं का! फायब्रॉइडची नुसती गाठ काढून गर्भाशय शाबूत ठेवता येतं. अंडाशयातल्या गाठी, गर्भनलिकेत राहिलेला गर्भ, एंडोमेट्रिओसिस, हे सगळं दुर्बिणीतून होतं. गर्भाशयाच्या आतला पॉलिप असेल तर हिस्टेरोस्कोपी. त्यात तर पोटावर एकही छिद्र नाही, दुर्बीण खालूनच आत जाते.

"डोकं तपासून घ्या!"

मला वाटायचं, ही शस्त्रक्रिया म्हणजे मोठ्या सर्जन लोकांनी शोधली आणि मग स्त्रीरोगवाल्यांनी उचलली. झालं नेमकं उलट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅरिसमध्ये राउल पामर हे स्त्रीरोगतज्ज्ञ पोटात दुर्बीण घालून वंध्यत्वाची कारणं शोधत होते. जर्मनीतल्या कील शहरात कुर्ट झेम यांनी गॅस मोजून सोडणारं यंत्र बनवलं आणि १९८० मध्ये दुर्बिणीतून चक्क अपेंडिक्स काढलं. तेही स्त्रीरोगतज्ज्ञच! सहकाऱ्यांनी त्यांना डोकं तपासून घ्यायला लावलं होतं, असं सांगतात. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेत हॅरी राइश यांनी दुर्बिणीतून पहिल्यांदा गर्भाशय काढलं.

आपल्याकडे हा किल्ला लढवला मुंबईच्या डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. १९७२ पासून ते जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पोटाची तपासणी करायचे. ३१ मे १९९० ला तिथेच त्यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं, देशातलं पहिलं. हे तंत्र श्रीमंतांची चैन नाही, लवकर कामावर जाण्याची खरी गरज गरिबाला असते, हा त्यांचा आग्रह २०२३ मध्ये जाईपर्यंत कायम होता. आणि पुण्यात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या टीमने देशातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. आईचं गर्भाशय मुलीला! दाता आईच्या शरीरातून ते काढण्यासाठी दुर्बीण वापरली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्या मुलीला मुलगी झाली.

विचार करा, एकीकडे आईची पिशवी मुलीला बसवून त्यात बाळ वाढतंय आणि दुसरीकडे चाळिशीच्या बाईला सांगितलं जातं, आता पिशवीचं काय काम?

कसं काढायचं, त्याआधी का काढायचं?

मॅडमचा पहिला प्रश्न हाच होता. दुर्बीण की चीर, हे नंतर. आधी, काढायलाच हवं का?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते बीडने आपल्याला दाखवलंय. जून २०१९ मध्ये विधिमंडळात आकडा आला, तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. त्यानंतर ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीमुळे कामात खाडा नको, कॅन्सरची भीती, ठेकेदाराचा दंड... कारणं अनेक. बीडमध्ये मग खासगी दवाखान्यांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. दुर्बीण आली म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उलट ऑपरेशन सोपं वाटू लागलं की 'काढून टाका' म्हणणंही सोपं होतं!

मावशीचा कार्यक्रम असा ठरला. आधी पॅप स्मिअर आणि गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासणीला, कारण चाळिशीनंतर असा रक्तस्राव असेल तर कॅन्सर नाही ना हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. रिपोर्ट नॉर्मल आला. मग रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आणि लोहाची सलाइन. गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असते, तिने अनेकींचं ऑपरेशन टळतं. पण मावशीच्या गाठीने आतली पोकळी वाकडी झाली होती, तिथे ती नीट बसली नसती. नुसती गाठ काढायचा पर्यायही सांगितला. पाळी जायची वाट बघायची, मग गाठ आपोआप आकसते, हाही सांगितला. आणि शेवटी म्हणाल्या, "दीड महिन्याने या. तोवर रक्त वाढू द्या. मग तुम्ही ठरवा."

तुम्ही ठरवा! मावशीने वळून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य तिला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी ऐकवलं होतं.

निघताना मॅडमनी मलाच धरलं. "आणि तुझी पाळी कशी आहे?" म्हटलं, "नॉर्मल. म्हणजे पहिले दोन दिवस गोळी घ्यावी लागते. कधी कधी उलटी होते. पण ते सगळ्यांनाच..." त्या शांतपणे म्हणाल्या, "सगळ्यांना नसतं." माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये पेनकिलरची स्ट्रिप कायम असते. तुमच्या असते ना? प्रजननाच्या वयातल्या साधारण दहातल्या एकीला एंडोमेट्रिओसिस असतो आणि त्याचं निदान व्हायला कित्येक वर्षं जातात, कारण आपण ते 'नॉर्मल' म्हणून गिळतो. आता निदानासाठी लगेच दुर्बीण घालावीच लागते असंही नाही. लक्षणं आणि चांगल्या सोनोग्राफीवरून औषध सुरू करता येतं. माझी अपॉइंटमेंट मी त्याच दिवशी घेतली, हे इथे कबूल करून टाकते.

चीर केव्हा बरी?

आता दुसरी बाजू. की-होल म्हणजे दर वेळी भारी, असं नाही. गर्भाशयमुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन केलेल्यांपेक्षा पोट उघडून केलेल्या बायका जास्त जगल्या, असं २०१८ मध्ये एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका दुर्बिणीच्या गटात ८६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ९६.५ टक्के. तेव्हापासून तिथे पुन्हा चीर हाच पहिला पर्याय मानतात. मोठी फायब्रॉइडची गाठ पोटातच मशिनने बारीक करून काढण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला, कारण त्यात लपलेला कॅन्सर असेल तर तो पोटभर पसरतो. म्हणून आता गाठ पिशवीत बंद करून मग तुकडे करण्यावर भर असतो. खूप मोठं गर्भाशय, आधीच्या ऑपरेशनांमुळे आत सगळं चिकटलेलं असणं, अशा वेळी दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन मधेच पोट उघडून पूर्ण करावं लागतं. ते अपयश नव्हे, शहाणपण! मूत्रनळीला, आतड्याला इजा होण्याचा धोका थोडा का होईना, असतोच. त्यामुळे मशिनपेक्षा हात महत्त्वाचा.

तीन टिकल्यांएवढी जखम

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा अकोल्यात. सोयाबीन घरी आलं होतं. हिमोग्लोबिन १०.४ झालं होतं. गोळ्या थांबल्या की रक्तस्राव मात्र परत पहिल्यासारखाच. मावशीने ठरवलं, "काढून टाकतो. पण अंडाशय नाही काढाचे." चव्वेचाळिसाव्या वर्षी तेही काढले की पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत अंगावर येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हे तिने पक्कं लक्षात ठेवलं होतं. गर्भाशय आणि नळ्या काढायच्या, अंडाशय ठेवायचे. नळ्या का? तर अंडाशयाच्या कॅन्सरची सुरुवात बऱ्याचदा तिथून होते म्हणून.

सव्वादोन तास लागले. बाहेर काका, मी आणि आई. नंतर मॅडमनी ट्रेमध्ये दाखवलं, ते बघून मी थक्क झाले. नळ्यांवर दोन छोट्या रिंगा अजून तशाच! जुन्या दुर्बिणीने घातलेल्या रिंगा नव्या दुर्बिणीने बाहेर काढल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी उठून बसली आणि पहिली तक्रार काय? "ऑपरेशन पोटाचं, अन् दुखते खांदा! चुकीच्या जागी तर नाही केलं?" सगळा वॉर्ड हसला. पोटात उरलेला गॅस श्वासपटलाला डिवचतो आणि ती कळ खांद्यात जाणवते, दोन-तीन दिवसांत जाते. हे आधी माहीत नसलं की माणूस जाम घाबरतो. तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज.

खरी अडचण सुरू झाली ती घरी गेल्यावर. पाचव्या दिवशी आईचा फोन, मावशी कळशी उचलायला निघाली होती. आणि तिच्या सासूबाई म्हणाल्या, "तीन टिकल्यांएवढी भोकं, त्याले कायचा आराम?" यात आजींचा दोष नाही. त्यांच्या काळी वीतभर चीर असायची, टाके दिसायचे, म्हणून सव्वा महिना बाईला कुणी हात लावू देत नसे. की-होलने चीर घालवली आणि तिच्याबरोबर आरामाचा पुरावाही घालवला! आतले टाके भरायला सहा ते आठ आठवडे लागतातच. तोवर वजन उचलायचं नाही, शरीरसंबंध नाहीत. बाहेर काही दिसत नाही, म्हणून आत काही झालंच नाही असं नसतं.

आपल्याला निदान सिक लीव्हचा अर्ज करता येतो. मावशीने तो कुणाकडे करायचा? शेवटी मी स्पीकर फोनवर काकांना आणि दोन्ही मुलांना एकत्र बसवलं आणि मॅडमच्या डिस्चार्ज कार्डावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायला लावली. पाणी धाकटा भरणार, म्हशी काका बघणार, स्वयंपाकाला जावेची मुलगी येणार. आजी काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून उंबऱ्यात खाट टाकून बसल्या आणि मावशी उठली की विचारायच्या, "कुठं चालली?"

दोन महिन्यांनी मावशीचा फोन आला. हिमोग्लोबिन १२. शेजारची एक बाई तिच्याकडे रिपोर्ट घेऊन आली होती, तिलाही सांगितलं होतं, पिशवी काढा. "मग तू काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगितलं ना. म्हटलं, आधी इचार, कायले काढता म्हणून. मंग इचार, कसं काढता."

ऑपरेशनआधी हे विचाराच

- ऑपरेशन न करता काय काय करता येईल? ते करून पाहिलंय का?
- पॅप स्मिअर आणि अस्तराची तपासणी झाली का?
- अंडाशय ठेवणार की काढणार? काढायचे तर कारण काय?
- दुर्बिणीची अशी किती ऑपरेशन्स तुम्ही स्वतः केली आहेत? मधेच पोट उघडावं लागलं तर तयारी आहे?
- गाठ बाहेर कशी काढणार? पिशवीत बंद करून?
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे बसतं का? योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला भरती होण्याआधीच गाठा.
- आणि घरच्यांना विचारा, पुढचे सहा आठवडे पाणी कोण भरणार?